टेकडीवरचा खांब आणि नकाशावरचा बिंदू

मागच्या खेपेला व्याख्यान संपल्यावर एका श्रोत्यानं आम्हाला जिन्यात गाठलं आणि विचारलं, "सर, तुम्ही तत्त्वज्ञानवाले म्हणता, बिंदूला लांबी नाही, रुंदी नाही, जाडी नाही. मग असला बिंदू जगात कुठं बघायला मिळतो का?" आम्ही म्हटलं, मिळतो; पण त्यासाठी डोंगर चढावा लागतो. त्यांना वाटलं आम्ही थट्टा करतोय. आजचं व्याख्यान म्हणजे त्या उत्तराचा खुलासा आहे.

१९७८ साल. आम्ही नुकतेच अधिव्याख्याता झालो होतो आणि विद्यार्थ्यांना घेऊन कोल्हापूरच्या पश्चिमेला एका टेकडीवर गेलो होतो. टेकडीचं नाव मुद्दाम सांगत नाही, कारण पुढं कळेल. माथ्यावर छातीएवढ्या उंचीचा एक खांब होता. मूळचा चुन्यात बांधलेला, नंतर कधीतरी वरून सिमेंटनं लिंपलेला. भोवती दगडांचा पडका ओटा. आम्ही त्या ओट्यावर बसून भाकरी-झुणका खाल्ला. एका विद्यार्थ्यानं खांबावर चढून बैठक मारली, दुसऱ्यानं चाकूनं सिमेंटवर कॉलेजचं नाव कोरायला घेतलं. आम्ही हसत बघत होतो, त्याला थांबवलं नाही. तेवढ्यात खालून मेंढरं घेऊन एक म्हातारा धनगर आला. म्हणाला, "गुरुजी, उठवा पोरास्नी तिथनं. सरकारी खुणंचा दगूड हाय त्यो. आमचा आज्जा राखायचा." आम्ही विचारलं, कसली खूण? तो म्हणाला, "त्ये न्हाई ठावं. पर हालवायचा न्हाई, एवढं ठावं हाय."

खाली उतरताना आम्हाला जरा ओशाळल्यासारखं झालं. कारण कसली खूण ते आम्हालाही ठावं नव्हतं.

आता आपल्याकडे मोजणी म्हटलं की डोळ्यांपुढं काय येतं? बांध, हद्दीचा दगड, भूमापक, शंकू-साखळी, आणि दोन भावांचं पटलं नाही तर कोर्टाची पायरी. हे दगड वेगळे. हद्दीचा दगड सांगतो की इथं तुझं संपलं आणि त्याचं सुरू झालं. टेकडीवरचा खांब कुणाच्याच मालकीबद्दल काही बोलत नाही. तो फक्त "मी इथं आहे" एवढंच सांगतो. पण "इथं" म्हणजे कुठं? सगळी गंमत त्यातच आहे.

शाहूपुरीतल्या एखाद्या उंच इमारतीच्या गच्चीवर उभे राहा. राजर्षी शाहूंनी गुळाच्या व्यापारासाठी वसवलेली ही पेठ. आता गच्च्या खूप झाल्यात. आश्विनात, पाऊस नुकता उघडला की हवा धुतल्यासारखी होते, तेव्हा वायव्येला जोतिबाचा डोंगर स्वच्छ दिसतो. किती लांब आहे? गाडीचा काटा जे सांगेल ती रस्त्याची लांबी. सरळ रेषेत अंतर साधारण बारा किलोमीटर भरतं. हे बारा किलोमीटर कुणी दोरी लावून मोजलेत का? मध्ये पंचगंगा आहे, उसाचे फड आहेत, दऱ्या आहेत. दोरी लावणार कशी?

लावायची गरजच नाही. जोतिबाच्या दिशेशी काटकोन करील अशा बाजूला, तुमच्यापासून बरोबर एक किलोमीटरवर दुसरी गच्ची शोधा. ते एक किलोमीटर मात्र नीट मोजा. मग दोन्ही गच्च्यांवरून जोतिबाच्या शिखराकडे बघा आणि दोन कोन मोजा. एक बाजू आणि दोन कोन कळले की त्रिकोण पक्का झाला; बाकीच्या दोन बाजू शाळेतल्या त्रिकोणमितीनं निघतात. अट एकच, कोन अचूक हवेत. एक कला, म्हणजे अंशाचा साठावा भाग, चुकली तर या त्रिकोणात जोतिबा चाळीसेक मीटर पुढं नाहीतर मागं सरकतो. देव जागेवरच असतो, आपली मोजणी सरकते.

आणि एकदा एक त्रिकोण पक्का झाला की त्याची काढलेली बाजू हीच पुढच्या त्रिकोणाचा पाया. त्यावर तिसरा, त्यावर चौथा. टेकडीवरून टेकडीवर उड्या मारत ही त्रिकोणांची साखळी देशभर नेता येते. प्रत्येक त्रिकोणाच्या टोकाला एक खूण ठेवायची, म्हणजे पुढं येणाऱ्याला तोच बिंदू सापडेल. आमच्या टेकडीवरचा खांब ही असली खूण होती.

हे काम आपल्या देशात सुरू झालं १० एप्रिल १८०२ रोजी, मद्रासजवळ सेंट थॉमस माउंटपाशी. करणारा विल्यम लॅम्बटन, ईस्ट इंडिया कंपनीच्या सैन्यातला अधिकारी. हेतू काय होता हे लपवायचं कारण नाही. टिपूचं राज्य नुकतंच पडलं होतं, मुलूख हाताशी आला होता आणि तो नीट कळल्याशिवाय त्यावर सत्ता चालवता येत नव्हती. पण या माणसाला त्याहून मोठं वेड होतं. त्याला पृथ्वीचा आकार मोजायचा होता.

पहिली पायारेषा साडेसात मैलांची. शंभर फुटी पोलादी साखळी, तीही गमतीची. ती मुळात चीनच्या बादशहाला भेट म्हणून नेली होती. त्यानं ती नाकारली म्हणून फिरत फिरत इकडं आली. साडेसात मैलांना ही साखळी जवळजवळ चारशे वेळा टाकावी लागते. एप्रिल-मे महिना, मद्रासचं ऊन. पोलाद तापलं की वाढतं. ही साखळी एका अंश सेल्सिअसला एक तृतीयांश मिलिमीटरहून थोडी जास्त वाढणार. काहीच नाही, वाटतं ना? पण दहा अंशांचा फरक धरा आणि चारशेनं गुणा. सुमारे १.४ मीटर. पायाच तीन हात वाकडा, तर वरची इमारत कुठं जाईल? म्हणून साखळी सावलीत, लाकडी पेट्यांत ठेवायची, तिच्याजवळ तापमापक ठेवायचा, प्रत्येक वेळी तपमान लिहायचं आणि हिशेबात दुरुस्ती करायची. सत्तावन्न दिवस हे चाललं.

कोन मोजायचा थिओडोलाइट अर्ध्या टनाचा होता. इंग्लंडहून येताना तो फ्रेंचांनी समुद्रात पकडला, मॉरिशसला नेला आणि मग शास्त्राचं उपकरण आहे म्हणून सन्मानानं परत पाठवला. १८०८ मध्ये तंजावरच्या मोठ्या देवळावर चढवताना दोर तुटून तो आपटला. लॅम्बटननं तंबूत बसून स्वतः तो दुरुस्त केला. हा माणूस पुढं मोजत मोजत आपल्या मुलखात आला आणि हैदराबादहून नागपूरकडे जाताना २० जानेवारी १८२३ रोजी वर्धा जिल्ह्यात हिंगणघाटला वारला. त्याची कबर तिथंच आहे. वय सत्तरीच्या आसपास, म्हणजे आमच्याच वयाचा. आम्हाला दोन जिने चढून इथं यायला मध्ये थांबावं लागतं, ते आमच्या मनात येतंच.

त्याच्यानंतर जॉर्ज एव्हरेस्ट आला. दक्षिणेच्या टोकापासून हिमालयाच्या पायथ्यापर्यंत सुमारे २,४०० किलोमीटरची ही साखळी १८४१ मध्ये पुरी झाली. राधानाथ सिकदारांनी आणि त्यांच्यासारख्या गणकांनी केलेल्या आकडेमोडीतूनच पुढं सर्वांत उंच शिखर सापडलं आणि त्याला नाव मात्र साहेबाचं लागलं. तो वेगळा विषय, इथं सोडून देऊ.

आता आमच्या विषयाकडे, म्हणजे तत्त्वज्ञानाकडे येतो. न्यायशास्त्र शिकणाऱ्या प्रत्येकाला पहिल्याच दिवशी एक डोंगर भेटतो. डोंगरावर धूर दिसतो, म्हणून तिथं अग्नी आहे. धूर प्रत्यक्ष, अग्नी अनुमानानं. आम्ही हा डोंगर तीसपस्तीस वर्षं फळ्यावर काढला. मोजणीचा इतिहास वाचला तेव्हा लक्षात आलं की या मंडळींनी तो उदाहरणातला डोंगर उलटा वापरला. दिवसा माथ्यावर आरशानं सूर्याचा कवडसा पाडायचा. ते हेलिओट्रोप नावाचं उपकरण गाउस या गणितज्ञाचं. रात्री माथ्यावर दिवा लावायचा. म्हणजे डोंगरावरचा अग्नी इथं प्रत्यक्ष, आणि अनुमान कशाचं? तर अंतराचं!

या सगळ्या उद्योगात प्रत्यक्ष किती थोडं आहे बघा. जमिनीवर साखळी टाकून मोजली ती एक रेषा आणि दुर्बिणीतून पाहिलेले कोन. शेकडो मैलांची अंतरं ही सगळी अनुमानं, एकावर एक रचलेली. एखादा चार्वाक उठून म्हणेल की अनुमान आम्ही मानत नाही, तर त्याला नकाशा फाडून टाकावा लागेल. आणि नैयायिक विचारील, या ज्ञानाचं प्रामाण्य कशावरून? मोजणीवाल्यांचं उत्तर अगदी नैयायिकाला शोभेल असं आहे. साखळी खूप लांब गेली की दुसऱ्या टोकाला एक नवी रेषा पुन्हा जमिनीवर मोजायची. गणितानं आलेली तिची लांबी आणि हातानं मोजलेली लांबी ताडून बघायची. एव्हरेस्टनं मध्य भारतातल्या सिरोंजपासून डेहराडूनपर्यंत त्रिकोण नेले आणि तिथं सातेक मैलांची रेषा मोजली, तेव्हा फरक निघाला काही इंचांचा. ज्ञान खरं की खोटं हे ज्ञानाकडं बघून कळत नाही, ते वापरून बघावं लागतं, असं आपले लोक म्हणत आले. इथं ते साखळीनं मोजून दाखवलंय.

आणखी एक. शाळेत शिकलो की त्रिकोणाच्या तीन कोनांची बेरीज १८० अंश. मोठ्या त्रिकोणात ती तेवढी येत नाही, थोडी जास्त येते. मोजणीतली चूक काढून टाकली तरी जास्तच येते, कारण पृथ्वी गोल आहे. दर सुमारे १९७ चौरस किलोमीटरांमागं एक विकला, म्हणजे अंशाचा छत्तीसशेवा भाग. आपल्या कोल्हापूर जिल्ह्याचं क्षेत्रफळ ७,६८५ चौरस किलोमीटर. एवढा एकच त्रिकोण टेकड्यांवर उभा केला तर बेरीज १८० अंशांपेक्षा एकोणचाळीस विकलांनी जास्त भरेल. कुणी म्हणेल, मग कांटचं भूमितीबद्दलचं म्हणणं कोसळलं. तसं नाही. हा गोलाच्या पाठीवरचा त्रिकोण आहे, सपाट अवकाशातला नव्हे. त्यानं युक्लिड खोटा ठरत नाही. पण तीन टेकड्यांवर उभं राहून, आकाशाकडं न बघता, पृथ्वी गोल आहे हे कोनांच्या बेरजेतून कळावं, याचं आम्हाला अजूनही नवल वाटतं.

आता मूळ प्रश्न, बिंदू कुठाय? खांब म्हणजे बिंदू नव्हे. जुन्या पद्धतीत माथ्यावरच्या मूळ खडकावर एक वर्तुळ कोरत आणि त्याच्या मध्ये एक टिंब. त्या टिंबाच्या बरोबर वर, ओळंब्यात, खांब बांधत. खांबातही दगडावर तसंच वर्तुळ आणि टिंब. थिओडोलाइट खांबावर ठेवायचा. भोवतीचा ओटा खांबाला चिकटू द्यायचा नाही, मध्ये फट ठेवायची, म्हणजे मोजणाऱ्यानं पाय हलवला तरी यंत्राला धक्का बसत नाही. आमच्या विद्यार्थ्यांनी भाकरीचे तुकडे टाकले ते त्याच फटीत! आणि ते टिंबही बिंदू नव्हेच, कारण टिंबाला रुंदी आहे. बिंदू म्हणजे त्या टिंबाच्या मध्याचं इतर टेकड्यांवरच्या मध्यांशी असलेलं नातं. पूर्व-पश्चिम, जवळ-लांब या जाणिवांवरून वैशेषिकांनी दिक् नावाचं द्रव्य अनुमानलं. इथंही तसंच आहे. एकटी टेकडी कुठंच नसते. दुसरी दिसली की ती "कुठंतरी" होते.

मग पहिली टेकडी कुठं आहे, असं कुणी विचारील. भारताच्या जुन्या मोजणीचा आरंभबिंदू सिरोंजजवळच्या कल्याणपूरला धरला. इतर सगळ्या जागा त्याच्या हिशेबानं. विटगेनश्टाइननं पॅरिसमधल्या प्रमाण मीटरबद्दल म्हटलं होतं की तो एक मीटर लांब आहे असंही म्हणता येत नाही आणि नाही असंही म्हणता येत नाही. कल्याणपूरचं त्या मोजणीत तेच. कुठंतरी बोट ठेवून "हे इथं" म्हणावंच लागतं.

असे खांब जगभर आहेत. ब्रिटनमध्ये १९३६ पासून हॉटिन नावाच्या अधिकाऱ्याच्या आराखड्याबरहुकूम काँक्रीटचे साडेसहा हजारांच्या आसपास खांब उभे राहिले. तिथले हौशी लोक आता ते एकेक करून पायी गाठतात आणि वहीत टिपतात. उत्तर युरोपापासून काळ्या समुद्रापर्यंत स्ट्रूव्हनं नेलेल्या साखळीतले चौतीस बिंदू २००५ मध्ये जागतिक वारसा ठरले. आपल्याकडं काम संपलं की खांब गावच्या पाटलाच्या ताब्यात देत आणि त्याची अवस्था काय आहे याचा अहवाल जिल्ह्याच्या अधिकाऱ्यांकडून वर जाई. धनगराचा आजा राखायचा म्हणजे काय, ते आम्हाला हे वाचल्यावर उमगलं. पाटलानं कुणाला तरी सांगितलं असणार, त्यानं नातवाला. कशासाठी हे मध्येच गळून गेलं, राखायचं एवढं राहिलं.

चार वर्षांपूर्वी आम्ही पुन्हा त्या टेकडीवर गेलो. गुडघे दुखतात, तरी गेलो. खांब नव्हता. त्या जागी कमरेएवढा खड्डा होता. अलीकडं अशा खुणांखाली धन पुरलंय अशी कुणीतरी आवई उठवतं आणि रात्रीत कुदळी चालतात. उतारावर वीसेक फुटांवर एक दगड पालथा पडला होता. उलटवला, तर त्यावर वर्तुळ आणि मध्ये टिंब, जसंच्या तसं. कॉलेजचं नाव असलेला सिमेंटचा तुकडाही सापडला. अक्षर अजून वाचता येत होतं.

तो दगड हातात घेऊन आम्ही बराच वेळ बसलो. दगड तोच, वर्तुळ तेच, टिंब तेच, आणि तरीही ती खूण आता कशाचीच नव्हती. जागेवरून हलली त्या क्षणी ती गेली. मग आमच्याबरोबरचा तरुण मुलगा खड्ड्यात उतरला आणि हातानं माती बाजूला करू लागला. तळाला खडक लागला. पाणी ओतून पुसला, तर त्या मूळ खडकावर दुसरं वर्तुळ होतं, मध्ये टिंब. चोरांची कुदळ तिथपर्यंत पोचली होती, पण खडक आहे, खाली काही नाही, असं बघून ते निघून गेले असावेत. वरचं गेलं आणि खालचं राहिलं, म्हणजे बिंदू गेला नव्हता. आम्ही पुन्हा माती लोटली, वर दगड रचले, कळवायचं तिथं कळवलं. टेकडीचं नाव का सांगत नाही, ते आता कळलं असेल.

कुणी म्हणेल, सर, आता फोनमध्ये जीपीएस आहे, उपग्रह आहेत, हवेत खांब कशाला? प्रश्न रास्त आहे. उत्तर असं. जुने नकाशे ज्या पृथ्वीवर काढले ती एव्हरेस्टनं १८३० मध्ये ठरवलेली पृथ्वी. तिची विषुववृत्तीय त्रिज्या आज जीपीएस वापरतं त्या पृथ्वीपेक्षा सुमारे ८६० मीटरनं कमी आहे, आणि दोन्हींचे मध्यही एका ठिकाणी नाहीत. म्हणून जुन्या नकाशावरचे अक्षांश-रेखांश फोनमध्ये घातले तर आपल्या भागात तुम्ही शंभरेक मीटर भलतीकडंच जाऊन उभे राहता. बांधावरून कोर्टात जाणाऱ्यांना शंभर मीटर म्हणजे काय ते सांगायला नको. हे दोन नकाशे जुळवायचे तर दोन्हींत ठाऊक असलेले बिंदू हवेत. जुन्या हिशेबात ज्याची जागा लिहून ठेवलीय त्या टिंबावरच नवं यंत्र ठेवायचं आणि दोन आकडे शेजारी मांडायचे. टिंब गेलं तर जुना आकडा कागदावर राहतो, पण तो कशाचा हे विचारायला जागा उरत नाही.

आणि अशी खूण हलवणं, मोडणं हा गुन्हाही आहे. सरकारनं रोवलेली भूमिचिन्हं नष्ट करण्याबद्दल जुन्या दंड संहितेच्या ४३४ कलमात एक वर्षापर्यंत कैद होती. नव्या न्याय संहितेतही तो गुन्हा आहेच. हे पोरांना सांगा. त्या दिवशी टेकडीवर आम्ही सांगितलं नव्हतं.

तुमच्या घरी सर्वे ऑफ इंडियाचा जुना नकाशा असला तर काढून बघा. आपली शाहूपुरी ४७ एल/२ या पत्रकावर येते, तीही अगदी पूर्वेच्या कडेला. उजळाईवाडीचा विमानतळ शेजारच्या एल/६ वर आणि जोतिबा, पन्हाळा वरच्या एल/१ वर. एका गावाचे असे तुकडे का पडावेत म्हणून रागावू नका, अक्षांश-रेखांशांना पेठा कळत नाहीत. नकाशावर लहानसा त्रिकोण, मध्ये टिंब आणि शेजारी उंचीचा आकडा दिसला की समजा, तिथं कधीतरी कुणी रात्रभर दिव्याकडं बघत बसलं होतं.

उंचीचं मात्र आज राहिलं. राजाराम बंधाऱ्यावर पाणी ३९ फुटांवर गेलं की इशारा आणि ४३ फुटांवर गेलं की धोका, हे कोल्हापुरात पोरासोरांना पाठ आहे. पण त्रेचाळीस फूट म्हणजे कशापासून त्रेचाळीस? आणि ते कुंभार गल्लीतल्या उंबऱ्याशी कसं जुळवायचं? ते पुढच्या खेपेला, समुद्रसपाटीबद्दल बोलताना. तोवर तुमच्या गावाकडं अशी एखादी खूण असेल, तर तिचा फोटो काढून आणा. दगड आणू नका.